उसवायला हवी ती शिवण

माणूस गाडीत कसा चढतो आणि कसा उतरतो, हे मला त्याची सीट बघून सांगता येतं. मला गाडी चालवता येत नाही. पण सीटचं कापड समोर पसरलं की मी सांगते, हा माणूस मागच्या खिशात पाकीट ठेवतो, हा एका कोपरावर रेलून चालवतो, या गाडीत मागं रोज एक लहान मूल बसायचं. बुटक्या डिकीवाल्या गाडीत माणूस वरून खाली पडल्यासारखा बसतो, म्हणून तिची सीट मधोमध दबते. उंच गाडीतून तो घसरत उतरतो, म्हणून तिची दाराकडची कड आधी झिजते. हे मला कुणी शिकवलं नाही. वीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या की डोळ्यांना आपोआप दिसायला लागतं.

आम्ही दुबईजवळ अजमानला राहतो. मिस्टरांचं सीट-कव्हरचं दुकान सनायात आहे, म्हणजे गॅरेजं आणि कारखाने आहेत त्या भागात. पाटी त्यांच्या नावाची. कापायचं आणि बसवायचं काम त्यांचं, शिवण माझी. माझी मशीन घरात, मागच्या खोलीत. दुकानात मी वर्षातून दोनदा जायची, तेही शुक्रवारी शटर अर्धं खाली असताना. मला अनोळखी माणसांसमोर बोलायला जमत नाही. लहानपणापासून असंच आहे. मशीनशी बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला मानवलं.

गावाकडं, कोकणात, माझी शाळा चौथीपर्यंत झाली, कारण पाचवीची शाळा खाडीपलीकडं होती आणि मुलींना तरीच्या होडीतून पाठवत नसत. मग मी वडिलांजवळ शिडं शिवायला बसले. शीड समुद्रात उसवलं तर होडी परत येत नाही, असं ते म्हणायचे आणि माझा टाका न् टाका नखानं ओढून बघायचे. त्यामुळं माझी शिवण पक्की झाली. हे मी मोठेपणा म्हणून लिहीत नाही. सनायात कुणालाही विचारा, आमच्या दुकानातून गेलेली सीट शिवण सुटली म्हणून परत आलेली नाही.

आमच्या कामाची रीत अशी. जुनं कव्हर शिवणीशिवणीतून उसवायचं, प्रत्येक तुकडा पाणी मारून सपाट करायचा आणि खाकी कागदावर ठेवून त्याचा फर्मा कापायचा. एकदा फर्मा झाला की त्या गाडीचं काम डोळे मिटून होतं. माझ्या दाराच्या मागं खिळ्यांना असे पुष्कळ फर्मे टांगलेले होते, जवळजवळ सगळे डिकीवाल्या गाड्यांचे. टॅक्सीवाले, कंपन्यांचे सेल्समन, बिल्डिंगमधले नोकरदार, सगळे तेव्हा त्याच गाड्या घ्यायचे.

मग ते फर्मे लोंबकळतच राहायला लागले.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक पठाण हाजीसाहेब. त्यांचं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. अमेरिकेत ठोकलेल्या नाहीतर पाण्यात भिजलेल्या गाड्या ते लिलावात घेतात, कंटेनरमधून इथं आणतात, दुरुस्त करतात आणि विकतात. पूर्वी त्यांच्याकडून येणाऱ्या गाड्या बहुतेक डिकीवाल्या असायच्या. हळूहळू त्या कमी झाल्या. एका वर्षी तर दोन-तीनच आल्या आणि बाकी यार्ड उंच गाड्यांनी आणि पिकअपनी भरलं. मिस्टरांनी विचारलं तेव्हा हाजीसाहेब म्हणाले, "अमरीकावाला छोटा गाडी लेना छोड दिया. वो पाँच साल पहले जो खरीदता है, वही टूट के मेरे पास आता है. मैं उसको फोन करके बोलूँ क्या, भाई छोटा लो?"

इथंही तेच झालं होतं. आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमधले पट्टे बुटक्या गाड्यांच्या मापाचे आहेत. आता तिथं उंच गाड्या इतक्या खेटून उभ्या राहतात की माणसं पोट आत घेऊन, आडवी होऊन बाहेर येतात. तरी ज्याला त्याला तीच हवी.

मिस्टर खचले. तीन रांगांच्या गाडीला सीटा जास्त, त्यांच्या पाठी दुमडणाऱ्या, आत वायरी, हात ठेवायचे खण. मोठ्या दुकानांत तोवर कॉम्प्युटरवर कापलेली तयार कव्हरं यायला लागली होती.

"आपलं काम खलास," ते एक दिवस जेवताना म्हणाले. "आता टॅक्सीच्या सीटा शिवायच्या आणि गप बसायचं."

"टॅक्सीवाले पण उंच गाड्या घ्यायला लागलेत," मी म्हटलं.

"मग उंटाचं खोगीर शिव."

मी आणखी भात वाढला आणि म्हटलं, "एक गाडी खाली आणून लावा. मला आतून बघायची आहे."

ते हसले, पण शुक्रवारी नमाजनंतर हाजीसाहेबांची एक गाडी घेऊन आले. मी बुरख्याचा घोळ हातात धरून पायरीवर पाय ठेवला आणि आतली दांडी पकडून वर चढले. तिसऱ्या रांगेपर्यंत गुडघ्यांवर गेले. सीटच्या फटींत हात घातला. पुढं सुकलेल्या तळलेल्या बटाट्याच्या काड्या निघाल्या, मध्ये रंगीत खडू, बाळाचा एक मोजा आणि कुत्र्याचे पिवळे केस. मागची रांग कोरी होती. तिथल्या कापडाला दुकानातला वास अजून होता. त्या रांगेत कधीच कुणी बसलं नव्हतं.

नंतर मी अशा पुष्कळ गाड्या उघडल्या आणि बऱ्याच गाड्यांत हेच बघितलं. ड्रायव्हरची सीट झिजलेली, शेजारची थोडीशी, मधली लहान मुलांनी खराब केलेली आणि तिसरी रांग नवी. माझ्या मुलीला मी विचारलं, बसायला माणसं नाहीत तर एवढी गाडी कशाला घेतात? ती बारावीत होती. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "अम्मी, दे जस्ट लाइक बिग."

असेल. पण तीच गाडी इथं विकली गेली की तिसऱ्या रांगेत सासू, नणंद आणि महिन्याचा किराणा बसतो. त्यामुळं अमेरिकेची कोरी रांग मी शिवायला घेते ती सगळ्यात मजबूत कापड लावून.

त्या दिवशी मी सगळ्या सीटांची मापं घेतली. फर्मे करायला नऊ दिवस लागले. पहिली गाडी शिवून यार्डात गेली तेव्हा हाजीसाहेबांनी म्हणे प्रत्येक शिवणीवर अंगठा दाबत फेरी मारली.

"ये मशीन का काम है कि आदमी का?" त्यांनी विचारलं.

"घरवाली का," मिस्टर म्हणाले.

हाजीसाहेबांनी आणखी चार गाड्या लगेच पाठवल्या. मिस्टर घरी येताना मिठाई घेऊन आले आणि खोगिराचं बोलणं मी त्यांना विसरू दिलं नाही.

आता चूक सांगते.

या गाड्यांच्या पुढच्या दोन सीटांना, पाठीच्या दाराकडच्या कडेला, कंपनीची एक उभी शिवण होती. पहिली गाडी उसवताना ती मला लगेच दिसली. तिचा दोरा बाकी दोऱ्यांहून बारीक होता. ब्लेड नुसतं टेकवलं की टाका तुटायचा. मला हसू आलं. एवढी मोठी गाडी आणि नेमका इथं दोरा वाचवला, असं वाटलं. उतरताना माणूस सगळा भार याच कडेवर टाकतो. इथली शिवण तर सगळ्यात घट्ट हवी. म्हणून मी तिथं जाड नायलॉनचा दोरा घेतला आणि एकाऐवजी दोन ओळी घातल्या. त्या कडेला कंपनीचं एक छोटं कापडी लेबल होतं, त्यावर इंग्रजी अक्षरं. ते मी जपून काढलं आणि नव्या कव्हरवर त्याच जागी लावलं. लेबल असलं की सीट कंपनीची वाटते, गिऱ्हाईक खूश होतं.

पाचही गाड्या मी अशाच शिवल्या. डिकीवाल्या ज्या गाड्या आमच्याकडं यायच्या, त्यांच्या सीटांत असं काही नव्हतं. त्यांची हवेची पिशवी स्टिअरिंगमध्ये असायची, तिचा माझ्याशी संबंध नव्हता.

सहाव्या गाडीच्या फर्म्यासाठी मिस्टर भंगारातून एक सीट घेऊन आले. ती बाजूनं ठोकलेल्या गाडीची होती. सीट मी जमिनीवर आडवी केली आणि बघते तर दाराकडची ती उभी शिवण वरपासून खालपर्यंत उघडलेली. आतून एक पांढरी पिशवी बाहेर आलेली, उशीच्या रिकाम्या अभ्र्यासारखी.

पहिल्यांदा वाटलं, बघा, मी म्हणतच होते की दोरा कच्चा आहे. मग मी खाली बसले आणि त्या शिवणीवर बोट फिरवलं. दोरा झिजून तुटला तर त्याची टोकं पिंजारतात. ही टोकं पिंजारलेली नव्हती, सगळे टाके एका क्षणात गेले होते. आणि कापडाची भोकं जशीच्या तशी गोल होती. शिवण ओढून फाटली तर भोकं लांबट होतात, कापड चिरतं. इथं कापडाला काहीच झालं नव्हतं. एवढा मोठा मार बसलेल्या सीटवरच्या बाकी सगळ्या शिवणी शाबूत होत्या आणि हीच एक पूर्ण उघडली होती. असं आपोआप होत नाही. कुणीतरी विचार करून हा दोरा कापडापेक्षा कमजोर ठेवला होता. ही शिवण उसवण्यासाठीच घातली होती.

मी मुलीला हाक मारली.

"या लेबलावर काय लिहिलंय?"

"एअरबॅग," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं, सीटकडं बघितलं. "अम्मी, यू डिडन्ट नो?"

"नाही. नीट शोधून सांग. पिशवी इथून बाहेर येते का?"

ती मोबाइलवर वाचत राहिली. चेहरा बदलत गेला. "इट हॅज टू टेअर," ती म्हणाली. "दॅट्स हाऊ इट कम्स आऊट. बाजूनं गाडी आदळली तर पिशवी माणूस आणि दार यांच्या मध्ये येते. अम्मी, यू स्टिच्ड इट शट?"

बऱ्याच वर्षांनी ती माझ्याशी एवढं मराठी बोलली.

संध्याकाळी मिस्टर आल्यावर मी त्यांना सीट दाखवली. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"अगो, ती पिशवी बंदुकीसारखी सुटते. तुझा दोरा तिला काय अडवणार?"

"माझा दोरा काय अडवतो ते तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हटलं. "वीस वर्षांत एक तरी सीट उसवून परत आली?"

त्यांनी उघड्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नाही."

"मग?"

"हाजीला सांगितलं तर तो पाचच्या पाच गाड्या आपल्या दारात आणून उभ्या करेल. पुढचं काम गेलं. आणि सनायात तोंड दाखवायला जागा नाही."

"चार गाड्या अजून यार्डात आहेत. एक विकली गेली ना?"

"गेली. महिना झाला."

"मग तीत रोज कुणीतरी बसत असेल."

"मी हे हाजीला सांगू शकत नाही," ते म्हणाले. "मला नाही जमणार."

"मी सांगते."

"तू?" ते म्हणाले. "दारावर गॅसवाला आला तर मला हाक मारतेस तू."

ते खरं होतं. पण दुकान त्यांचं असलं तरी शिवण माझी होती आणि चूक शिवणीत होती. दुसरं कुणी सांगितलं असतं तर ते अर्धवट सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका पिशवीत दोन कापडं घेतली. एक कंपनीच्या त्या उभ्या शिवणीचा न उसवलेला तुकडा, दुसरा तशाच कापडावर मी माझ्या दोऱ्यानं दोन ओळी घातलेला. यार्डात उंच गाड्या रांगेत उभ्या होत्या, त्यांची बोनेटं माझ्या छातीला लागत होती. हाजीसाहेब एका पत्र्याच्या सावलीत, गाडीतून काढलेल्या सीटवर बसून चहा पीत होते. मला बघून ते उठून उभे राहिले. मिस्टर माझ्या मागं दोन पावलं थांबले.

माझी हिंदी बाजाराची आहे. मी सलाम केला आणि कंपनीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. "हाजीसाहब, इसको खींचो."

त्यांनी दोन्ही हातांनी हिसका दिला. टाके तटातट तुटले. मग मी दुसरा तुकडा दिला. त्यांनी ओढला. पठाणाचे हात, तरी शिवण हलली नाही. त्यांनी पाय रोवून पुन्हा ओढला.

"नहीं खुलेगा," मी म्हटलं. "मैंने सिया है."

"तो बहन, ये तो तारीफ का बात है."

"दुसरी जगह तारीफ है. इस जगह नहीं." आणि मी त्यांना एका गाडीपाशी नेलं, दार उघडलं आणि दाराकडची कड दाखवली. पिशवी कुठं असते, कुठून बाहेर यायला हवी आणि मी तिथं काय केलं, सगळं सांगितलं. मधे कुठं थांबले नाही.

हाजीसाहेबांनी त्या शिवणीवर अंगठा दाबला. मग मिस्टरांकडं बघून म्हणाले, "तुम्हारा बीस साल का दुकान, तुमको मालूम नहीं था?"

मिस्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

"ये चार गाडी खोल दो," हाजीसाहेब म्हणाले. "जो बिक गई वो खलास. कौन बोलेगा उसको?"

"मैं बोलूँगी. आप नंबर दो."

"मेरा नाम खराब होगा."

"मेरा नाम बोलो. सिलाई मेरी है."

त्यांनी उरलेला चहा जमिनीवर फेकला. नंबर त्यांनी मला दिला नाही, मिस्टरांच्या मोबाइलवर पाठवला आणि म्हणाले, "मैं फोन नहीं करेगा." त्यानंतर त्यांनी आमच्याकडं पाठ फिरवली. आम्ही रस्त्यावर आलो. मिस्टर म्हणाले, "पाय रोवून ओढत होता, बघितलंस?" आणि आम्ही दोघं थोडे हसलो.

दुरुस्ती काय करायची ते मी आधीच ठरवलं होतं. तशी बारीक शिवण मी घालू शकले असते, पण तो दोरा किती ताणाला तुटतो, किती लवकर तुटतो, हे मला माहीत नव्हतं आणि अंदाजानं करायचं हे काम नव्हे. म्हणून पुढच्या दोन सीटांच्या पाठींवर कंपनीचीच कव्हरं परत चढवायची. माझ्या हाताचा एकही टाका तिथं नको. मिस्टरांनी भंगारवाल्यांकडं फिरून त्याच गाडीच्या, पिशवी न फुटलेल्या सीटांची कव्हरं शोधली. विकलेल्या गाडीसाठी मिळाली ती काळी होती. मी तिच्या सीटा बदामी शिवल्या होत्या. काळी तर काळी.

ती गाडी दुबईत अल मनखूलमधल्या एका पुण्याच्या कुटुंबानं घेतली होती. फोन मिस्टरांनी लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडं बाई होती, तिनं इंग्रजीत हॅलो म्हटलं. मी मराठीत बोलले तशी ती थांबली आणि म्हणाली, "अय्या, मराठी? बोला." मी सांगितलं, तुमच्या गाडीच्या सीटा मी शिवल्यात, त्यात माझी चूक झालीय, येऊन दुरुस्त करायची आहे.

"म्हणजे काही खपवायचं आहे का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"नाही. फक्त दुरुस्त करायचं आहे."

शनिवारी आम्ही गेलो. तिच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पोचलो तर हाजीसाहेबांचा वायरिंगवाला तिथं आधीच येऊन उभा होता, पिशव्यांची तार काढायला. त्यांनी त्याला पाठवल्याचं आम्हाला सांगितलं नव्हतं.

ती बाई खाली आली, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. मी तिला दार उघडून सगळं दाखवलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत होता.

"ताई, आम्ही छोटी गाडी विकून ही घेतली ती मुळी सेफ्टीसाठी," ती म्हणाली. "हायवेवर बाजूनं ट्रेलर गेला की त्या गाडीत माझा जीव जायचा. यात उंच बसलं की बरं वाटतं."

"उंची डोळ्यांना दिसते," मी म्हटलं. "ही गोष्ट आतली आहे, ती दिसत नाही."

"म्हणजे महिनाभर आम्ही असेच फिरलो?"

"हो."

"आणि काही झालं असतं तर?"

"तर पिशवी माझ्या शिवणीत अडकली असती," मी म्हटलं.

तिनं बाजूला जाऊन नवऱ्याला फोन लावला. तो कामावर होता. काय बोलणं झालं ते मला निम्मंच ऐकू आलं, निम्मं इंग्रजीत होतं. परत आल्यावर ती म्हणाली, "ते म्हणतात, हात लावू देऊ नकोस, गाडी सरळ यार्डात परत कर."

मिस्टर माझ्याकडं बघायला लागले. गाडी परत गेली असती तर हाजीसाहेबांनी आम्हाला पुन्हा दारात उभं केलं नसतं. मला ते कळत होतं. पण गाडी तिची होती.

"परत करा," मी म्हटलं. "चालेल. पण तोवर हिच्यात पुढं बसू नका. चालवत सुद्धा नेऊ नका, त्यांना उचलून न्यायला सांगा."

तिनं पुढच्या सीटला हात लावून बघितला. मग तिनं विचारलं, "तुम्ही बसाल का यात? काम झाल्यावर?"

"बसेन."

"पुढच्या सीटवर?"

"पुढच्या सीटवर. तुम्ही न्याल तिथं येईन."

तिनं नवऱ्याला पुन्हा फोन लावला नाही, मोबाइलचा उजेड हवा का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. वायरिंगवाल्यानं बॅटरीची तार काढली, पिशवीतली वीज उतरावी म्हणून बराच वेळ थांबायला लावलं, मग सीटा सोडवल्या. मी माझीच शिवण ब्लेडनं उसवायला बसले. ती लवकर उसवेना. माझ्या कपाळावरून घाम सीटवर पडत होता.

"मम्मा, व्हाय इज द आँटी कटिंग अवर कार?" मुलीनं विचारलं.

"शी इज रिपेअरिंग इट," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "किती घट्ट शिवलंय हो तुम्ही."

"हीच तर चूक," मी म्हटलं.

काळी कव्हरं चढली. मी बारीक शिवणीवर बोट न दाबता नुसती नजर फिरवली, ती अखंड होती. वायरिंगवाल्यानं तारा जोडल्या, गाडी चालू केली, समोरचा पिशवीचा लाल दिवा पेटून विझला तसा मान हलवली. बदामी गाडीत दोन काळ्या पाठी विचित्र दिसत होत्या.

"दोन रंग झाले," बाई म्हणाली.

"हो. कुणी जुळवून देतो म्हणालं तरी करू देऊ नका."

मग तिनं मला खरंच पुढं बसवलं. मिस्टर आणि तिची मुलगी मागं बसले. एवढ्या सीटा शिवून चालत्या उंच गाडीत पुढं बसायची माझी ती पहिलीच वेळ. रस्ता खूप खाली वाटत होता. बाजूची डिकीवाली गाडी तर खेळण्यासारखी दिसत होती, तिच्या छपरावरची धूळ मला दिसली. त्या बाईला उंचीचं काय वाटतं ते तेव्हा मला कळलं. तिनं आम्हाला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडलं. उतरताना मी कडेवर भार टाकला नाही, दांडी धरून उतरले. "ताई, मी ह्यांना सांगते," ती म्हणाली. गाडी तिनं परत केली नाही.

यार्डातल्या चार गाड्याही आम्ही तशाच केल्या. त्यानंतर तीन आठवडे हाजीसाहेबांकडून एकही गाडी आली नाही. मिस्टर रोज संध्याकाळी यायचे आणि मी विचारायच्या आधीच मान हलवायचे. त्या दिवसांत मी सहाव्या गाडीचे फर्मे पुरे केले. पुढच्या सीटांच्या पाठींचा फर्मा त्यात ठेवला नाही. तेवढं काम कमी होतं, तर कमी होतं.

चौथ्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. मिस्टर दुकानात होते, मुलगी शाळेत. मी दार उघडलं तर समोर हाजीसाहेबांचा ड्रायव्हर नव्हता, ते स्वतः होते, किल्ली हातात घेऊन. खाली बिल्डिंगसमोर एक पिकअप उभा होता, एवढा मोठा की त्यानं दोन पट्टे अडवले होते. "दुकान बंद है?" त्यांनी विचारलं. बंद नव्हतं, मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

"बहन, इसमें भी है क्या, वो वाली सिलाई?"

मी चप्पल घातली आणि खाली गेले. दार उघडलं, सीटच्या कडेवरून हात वरून खाली नेला. मध्यावर बारीक दोरा बोटांना लागला.

"है," मी म्हटलं. "दोनों तरफ. आगे की दो पीठ मैं नहीं खोलूँगी. बाकी सब कर दूँगी."

"रंग नहीं मिलेगा."

"नहीं मिलेगा."

त्यांनी थोडा विचार केला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.